पार्सल आपलं, धूर गोवंडीचा

नमस्कार मंडळी! काल मागवलेलं पार्सल आज दारात, तेही फ्री डिलिव्हरी. आता हे बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं, ते बघू.

गर्दीच्या वेळी मुंबईत जड वाहनांना नो-एंट्री असते. आपल्याला हायसं वाटतं. पण ते ट्रेलर जातात कुठे? वेशीवर उभे राहतात. कळंबोली, वाशी, मानखुर्द. वेळ संपली की सगळे एकदम सुटतात. त्यात एखादा रीफर, म्हणजे मासळीचा नाहीतर द्राक्षांचा थंड कंटेनर असेल, तर गाडी बंद असली तरी त्याचा डिझेल जनरेटर धडधडत राहतो. रस्त्याला लागून पोटमाळ्यावर कुणी झोपलेलं असेल, तर तो धूर थेट उशाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला तंबाखूच्या पंगतीला बसवलंय.

आणि गोवंडी-मानखुर्दला हे एकच दुखणं नाही. शेजारी देवनारचं डम्पिंग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता. मलबार हिलवरून ट्रेलर जात नाहीत, एवढंच सांगतो.

मुंबईने ओझं खाडीपलीकडेही ढकललंय. मुंबई बंदरावरची गर्दी कमी करायला १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवला. लोकांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तर तिथे घरांना वाळवी लागली. पुनर्वसनाचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. शेतकरी निदान सातबारा दाखवून भांडू शकतो. कोळ्याने खाडीचा उतारा कुठून आणायचा?

आता पाळी डहाणूजवळच्या वाढवणची. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली, मच्छीमारांचा विरोध असताना.

बंदर नकोच, असं माझं म्हणणं नाही. पण कंटेनर जास्तीत जास्त रेल्वेने न्या, ट्रक टर्मिनलवर रीफरला विजेचा प्लग द्या, आणि जाळं टाकणाऱ्याची भरपाई काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. यात अवघड काय आहे?

उरण, कळंबोली, गोवंडीतलं कुणी बघत असेल, तर तुमच्याकडे ट्रेलर रात्री किती वाजता सुरू होतात, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत आम्ही त्याच वेळेला कॅमेरा घेऊन येतो.