ऑपरेशन नाशिकला, बरं होणं चोपड्याला

मंडळी, वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला टेबलावर साधारण दीड-दोन तास लागतात. दवाखान्यात दोन-तीन रात्री जातात. आपल्या खानदेशातली माणसं त्यासाठी नाशिक, मुंबई, सुरत गाठतात आणि गोळ्यांची पिशवी नि एक छापील डाएट चार्ट घेऊन परत येतात. पुढचं सगळं इथे घडतं. चोपड्याच्या स्वयंपाकघरात घडतं, शिरपूरच्या शेतात घडतं, आणि काही बिघडलंच तर गावातल्या दवाखान्यात, जिथे ऑपरेशनचा कागद कुणी पाहिलेलाच नसतो. म्हणून आज पेशंटपेक्षा त्यांच्यासोबत आलेल्या मंडळींशी जास्त बोलायचं आहे.

ऑपरेशन कोणाला, हे आधी उरकून घेऊ. वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा, की बीएमआय निघतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन साधारण ९० किलो असेल तर बीएमआय ३५ येतो. १९९१ पासून चालत आलेले निकष २०२२ साली बदलले. आता ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवतात, आणि आशियाई लोकांमध्ये २७.५ पासून विचार करतात, कारण आपल्याला साखर आणि चरबीचा त्रास कमी वजनावरच सुरू होतो. विम्याचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे सहसा बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारी साखर असलं काहीतरी. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा कंपनीही हो म्हणेल, असं धरून चालू नका. मंजुरी लेखी हातात आल्यावरच तारीख घ्या.

दोन ऑपरेशनं जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. केळं म्हटलं की आपल्याकडे लगेच समजतं. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराचा एक छोटा कप्पा वेगळा करून तो आतड्याला खाली जोडतात. अन्न वरचं आतडं चुकवून पुढे जातं. साखरेवर बायपासचा परिणाम बहुधा जास्त चांगला, पण लोह, कॅल्शियम, बी-१२ यांचं शोषण त्यात जास्त अडतं. छातीत जळजळीचा मोठा त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. हे सर्जनला स्वतःहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

आता तयारी. तपासण्यांची यादी दवाखाना देतोच: साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बी-१२, डी जीवनसत्त्व, सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं. एंडोस्कोपीत एच. पायलोरी जंतू सापडला तर त्याचा कोर्स, बहुधा चौदा दिवसांचा, आधी पूर्ण करायचा. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी टाळू नका, भुलीच्या डॉक्टरांना ते माहीत असावंच लागतं. बाईचं हिमोग्लोबिन ९ असेल तर "ऑपरेशननंतर बघू" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. नंतर ते भरून काढणं अवघड जातं.

ऑपरेशनच्या आधी दोन ते चार आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरीचा आहार असतो. लोकांना वाटतं, हे वजन उतरवायला आहे. नाही, हे लिव्हरसाठी आहे. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वर पसरलेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जनला तो उचलून धरावा लागतो. चरबीने सुजलेलं लिव्हर जड असतं, ठिसूळ असतं, हात लागला की रक्त येतं, आणि कधी कधी तेवढ्यावरून ऑपरेशन अर्धवट सोडावं लागतं. पिठूळ, गोड आणि तळलेलं बंद केलं की लिव्हरमधला साखरेचा साठा आणि त्यासोबत धरलेलं पाणी उतरतं आणि दोन आठवड्यांत लिव्हर आटोपशीर होतं. घात होतो तो इथेच. "आता पुढे खाता येणार नाही" म्हणून त्याच पंधरा दिवसांत वरण-बट्टी, शेवभाजी, लग्नाच्या पंगती होतात. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा कानबाईच्या सणाचे रोट त्या पंधरवड्यात येत असतील तर तारीख पुढे ढकला, पण डाएट मोडू नका.

या आहारात मधुमेहाची औषधं तशीच चालू ठेवली तर साखर एकदम खाली येते, विशेषतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड. डोस कमी करून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्या घेतल्या तर साखर साधी दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भुलीच्या डॉक्टरांपुढे रिकामी करा.

तंबाखू, बिडी, गुटखा, मशेरी किमान सहा आठवडे आधी बंद. मशेरी इथे मुद्दाम म्हणालो, कारण "मी तंबाखू खात नाही" म्हणणाऱ्या बाईच्या हातात सकाळी मशेरी असते. निकोटीन आतली जखम भरू देत नाही, आणि बायपासनंतर पुन्हा ओढणं सुरू झालं तर जोडाजवळ अल्सर होतो. तो फुटला की दुसरं ऑपरेशन.

ऑपरेशन झाल्यावर त्याच संध्याकाळी चालायचं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे, आणि त्यासाठीच पोटात टोचायची इंजेक्शनंही असतात. ती घरी आल्यावर बरेच दिवस चालू राहू शकतात, मधेच सोडू नका. खांदा दोन-तीन दिवस दुखतो. तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, चालल्याने कमी होतो. सर्जन परवानगी देईपर्यंत त्या शहरातच थांबणं बरं. परत येताना चार-पाचशे किलोमीटर गाडीत सलग बसू नका. तासा-दीड तासाला उतरून दहा मिनिटं चाला.

घरी आल्यावर पहिली लढाई पाण्याची. नवीन जठरात घोट मावत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर १५ मिलीचं मापाचं झाकण असतं, ते धुऊन घ्या. दर पंधरा मिनिटांनी दोन झाकणं, म्हणजे ३० मिली, चमच्याने किंवा ओठ लावून. तासाला १२० मिली होतात आणि बारा तासांत जवळपास दीड लिटर. एवढं झालं की दिवस जिंकला. मोबाइलला पंधरा मिनिटांचा गजर लावा, दोन दिवसांत कंटाळा येईल, तरी लावा. तांब्या उचलून घटाघटा प्यायची आपली सवय पहिल्याच दिवशी उलटी काढते. भुसावळला मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा असताना हा हिशेब पुरत नाही, शरीर त्याहून जास्त पाणी घामात टाकतं. जमत असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवा. लघवी गडद पिवळी झाली किंवा उठताना अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती बंद करायची का, हे त्याच दिवशी विचारा.

पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन गाळलेलं-घोटलेलं, मग दोन आठवडे मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि इथे घरोघरी एकच चूक होते. आजी मुगाच्या डाळीचं वरचं पाणी गाळून देते. त्या वाटीत प्रथिनं नावाला असतात, डाळ खाली राहिलेली असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला एक दिवस मांडून दाखवतो. प्रोटीन पावडरच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम, ते २०० मिली दुधात ढवळलं की ६ आणखी. पनीर १०० ग्रॅम, हाताने कुस्करून तीन वेळांत विभागून, १८. दोन अंड्यांचा पांढरा बलक, चांगला शिजवून, ७. अंडी खात नसाल तर तेवढं पनीर आणि दही वाढवा. दही १०० ग्रॅम, साडेतीन. घोटलेलं दाट वरण छोटी अर्धी वाटी, दोन-तीन. झाले साठ. यात भात नाही, पोळी नाही. एका वेळी तीन-चार चमचे, वीस-पंचवीस मिनिटांत. पाणी अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर, घासागणिक नाही.

मऊ म्हणजे योग्य, असं नाही. चहात बुडवलेलं बिस्किट, कुस्करलेलं केळं, शिरा, आइस्क्रीम सगळं सहज उतरतं, आणि त्यानेच वजन थांबतं. केळं जळगावचं असलं तरी त्यात प्रथिनं ग्रॅमभरच. भरीत सहाव्या आठवड्यापासून मिरची आणि तेलाचा हात आखडून चालतं, फक्त त्यासोबत पनीर किंवा दही हवं, नाहीतर पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. ताजी मऊ पोळी आणि पाव चिकट गोळा होऊन अडकतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दोन महिन्यांनी वरणात चुरून घेतली तर बऱ्याच जणांना पोळीपेक्षा बरी सोसते. बायपासवाल्याने उसाचा रस किंवा जिलबी घेतली की दहा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. घाबरून सलाईन लावायला धावू नका, आडवं व्हा, ओसरतं. आणि पाहुण्यांचं "खाई ले, दोन घास" हे आग्रहाचं प्रकरण घरातल्याच कुणीतरी दाराशीच अडवलेलं बरं.

आता गावातल्या दवाखान्याकडे येऊ. पहिल्या दहा-बारा दिवसांत जठराच्या शिवणीतून गळती होऊ शकते. क्वचित होते, पण झाली तर तासांचा प्रश्न असतो. पोटात दुखणं, ताप, धाप, आणि सगळ्यात आधी बोलणारी खूण म्हणजे नाडी. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. शांत पडलेल्या माणसाची नाडी १२० च्या वर टिकून असेल तर "गॅस झालाय" म्हणून ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी बसायचं नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करायचा आणि निघायचं. वाट दूर असेल तर आधी सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या जवळच्या मोठ्या दवाखान्यात.

दुसरं, उलट्या. आठवडाभर सतत उलट्या होत असतील तर शरीरातला थायमिन म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. अशा माणसाला गावात ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं नाही, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. तिसरं, नाकातून नळी कोणी अंदाजाने घालायची नाही, शिवण फाटू शकते. आणि अंगदुखीला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, आयब्युप्रोफेनची गोळी बायपासवाल्याला कायमची वर्ज्य, स्लीव्हवाल्यानेही टाळावी. पॅरासिटामॉल चालतं.

कामाचं सांगतो. टेबलावर बसून काम असेल तर दोन आठवड्यांनी चालतं. केळीचा घड, फवारणीचा पंप, पाण्याचा हंडा यांना सहा आठवडे हात लावायचा नाही. छिद्रं बाहेरून लहान दिसतात, आतला स्नायू अजून जुळत असतो, तिथे हर्निया होतो.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम दोन-तीन वेळांत विभागून, डी जीवनसत्त्व, आणि पाळी येणाऱ्या बायकांना लोह. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा ते अडवतो. तिसऱ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण गळती सहा महिन्यांपुढे चालली तर प्रथिनं आणि फेरिटिन तपासा, तेल बदलू नका. भरभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून पहिले सहा महिने वेगळी गोळी देतात, ती महाग म्हणून बंद करू नका. तरुण बायकांनी बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायचं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात, हे अनेकींना माहीत नसतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, कॉपर-टीसारखं साधन आधीच ठरवा.

शेवटी एक कागद. घरी जाताना दवाखान्याकडून एका पानावर लिहून घ्या: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, नाकातून नळी घालू नये, आधी थायमिन मग ग्लुकोज, कोणती वेदनाशामकं नकोत, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक खिशात, एक गावातल्या डॉक्टरांकडे नेऊन द्यायला. आणि तो नंबर दवाखान्यातून निघण्याआधी, रात्री अकरा वाजता कॉटवरून एकदा लावून बघा.