पाय जुळवून

[गच्ची. सकाळचं ऊन. दोरीवर लुगडं वाळतंय. फरशीवर दोन गाद्या.]

ग्वाल्हेर. लष्कर भागातल्या एका मराठी घराची गच्ची. महाराज बाडा इथून चालत दहा मिनिटांवर.

या गाद्या उन्हाला टाकलेल्या नाहीत. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर एकवीस वर्षांचा मुलगा उभा आहे, तो त्यांच्यावर उडी मारणार आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर कुदणार आहे. ग्वाल्हेरची मराठी माणसं उडी मारत नाहीत, कुदतात. दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात काढली की एवढं व्हायचंच.

[उडी. तो पडतो, गडगडतो, उठतो.]

"दिसलं का? परत दाखवू?"

हा मुलगा सैन्यात आहे. नुकताच आग्र्याहून पॅरा विंग, म्हणजे पॅराशूटनं उड्या घेऊन मिळवायचा पंखांचा बिल्ला, घेऊन सुट्टीवर आलाय. त्याचं नाव आणि पलटण आपण सांगणार नाही. आग्र्याच्या तळात आपला कॅमेराही गेलेला नाही. जे काही दिसेल ते इथंच, आजीच्या खुर्चीसमोर.

आजीचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो. "ती छत्री उघडलीच नाही तर?"

[तो आईची ओढणी घेतो. एक टोक कपड्यांच्या दोरीला बांधतो.]

"ही दोरी म्हणजे विमानातली पोलादी तार समज. आणि ही ओढणी म्हणजे माझ्या पाठीवरच्या पॅराशूटचा पट्टा. तो तारेला अडकवायचा. मी बाहेर पडलो की पट्टा ताणला जातो आणि पॅराशूटला पिशवीतून ओढून काढतो. पट्टा विमानापाशीच राहतो. मी खाली."

म्हणजे नवा जवान पॅराशूट उघडतच नाही, ते त्याच्या वजनानं उघडतं. त्यानं फक्त मोजायचं. एक हजार, दोन हजार, तीन हजार... मग मान वर करून कापड पुरतं फुललंय का ते पाहायचं. नसेल फुललं, तर छातीवर दुसरं पॅराशूट असतं, राखीव. त्याचं हँडल मात्र स्वतः ओढावं लागतं.

आजी थोडा वेळ ओढणीकडे बघते. मग विचारते, "आणि त्याची घडी कोण घालतं?"

"ती माणसं वेगळी असतात, आजी. त्यांचं तेवढंच काम."

"तू ओळखतोस त्यांना?"

"नाही."

आजी आपल्या लुगड्याची घडी सुनेलासुद्धा घालू देत नाही. ती पुढं काही बोलत नाही, आणि आपल्यालाही इथं भर घालण्यासारखं काही सुचत नाही.

[आगगाडीची खिडकी. चंबळेचा पूल.]

ग्वाल्हेरहून आग्रा साधारण सव्वाशे किलोमीटर. मुरैना, चंबळ, धौलपूर, की आलंच. घराच्या इतक्या जवळ शिकायला मिळालं तरी त्या दिवसांत तो एकदाही घरी आला नाही. आईनं एकदा डबा पाठवायचं काढलं होतं. कुणीतरी समजूत घातली.

आग्र्याचं पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल हवाई दलाचं आहे. शिकणारे बहुतेक भूदलाचे, शिकवणारे हवाई दलाचे. या शाळेचं मूळ १९४१ सालचं. तेव्हा दिल्लीत एअर लँडिंग स्कूल निघालं, मग ते रावळपिंडीजवळ चकलाल्याला गेलं आणि फाळणीनंतर आग्र्याला आलं. पॅराशूटनं उडी घेणाऱ्या पहिल्या दोन भारतीयांपैकी एक चक्क डॉक्टर होते, ए. जी. रंगराज. दुसरे हवालदार मेजर मथुरा सिंग. रंगराज पुढं कोरियाच्या युद्धात ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी घेऊन गेले आणि महावीर चक्राचे मानकरी ठरले.

या घराला मात्र इतिहासातलं दुसरंच पान पाठ आहे.

[भिंतीवरचा जुना फोटो. फेटा, मिशा, कोट.]

'लष्कर' म्हणजेच छावणी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथं पडला आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले. घरोघर सांगतात, आमचे पूर्वज फौजेबरोबर आले. कुणाचे शिपाई होते, कुणाचे कारकून. कागद फारच थोड्यांकडे आहेत, पण सांगतात सगळेच.

आजोबांना दुसरी गोष्ट जास्त आवडायची. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन तिची दुसरी बटालियन झाली. तीच २ पॅरा ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलजवळ आकाशातून उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला तिनं पुंगलीचा पूल घेतला. पाच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या भारतीय फौजेत ती सगळ्यांत पुढं होती. आजोबा हे सांगताना चहाची बशी पूल म्हणून मांडायचे. नातवानं ती बशी लहानपणीच किती वेळा जिंकली, त्याचा हिशेब नाही.

बाबांचं मन वळवायला मात्र टांगाइल कामी आलं नाही, धोनी कामी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये महेंद्रसिंग धोनीनं याच आग्र्याच्या शाळेत पाच उड्या पुऱ्या करून विंग मिळवली होती. "धोनी कुदू शकतो, तर जाऊ दे याला," बाबा म्हणाले. मोठे निर्णय घरात असेच होतात.

[गच्ची. तो पुन्हा चौथऱ्यावर.]

विमानात चढण्याआधी दिवसचे दिवस जमिनीवरच जातात. विमानाच्या सांगाड्यातून उडी, मनोऱ्यावरून उडी, आणि पडणं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडणं. फुललेल्या पॅराशूटनंही माणूस पाच-सहा फुटी भिंतीवरून टाकल्यासारखा जमिनीवर येतो, वर पाठीवर ओझं आणि बाजूनं वारा. पाय फाकलेले असले तर सगळा भार एकाच पायावर येतो आणि घोटा जातो. जमीन जवळ आली की पाय आपोआप तिला शोधायला पुढं धावतात, तेही घातक. म्हणून पावलं जुळलेली, गुडघे जुळलेले, हनुवटी छातीला. आधी चवडे टेकतात, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची बाजू. धक्का असा सगळ्या अंगाला वाटून द्यायचा.

"उस्ताद दिवसभर एकच ओरडायचे," तो सांगतो, "पैर जोड़ के! झोपेतसुद्धा पाय जुळलेले असायचे."

[आकाश. दूरवर जेटचा आवाज.]

उड्या पाच. त्यातली एक रात्रीची. उतरायचं आग्र्याबाहेरच्या मालपुऱ्याच्या मैदानात, विमान साधारण बाराशे-साडेबाराशे फुटांवर. लाल दिवा लागतो, सगळे उभे. हिरवा लागला की एकामागून एक बाहेर. तिथून जमिनीपर्यंतचा प्रवास मिनिटभराचा.

पहिल्या उडीचं त्याला फारसं आठवत नाही. हिरवा दिवा, पाठीवर हात, आणि मग एकदम शांतता. विमानाच्या घरघरीनंतरची ती शांतता तो दोनदा सांगतो. दुसऱ्या उडीला मात्र तो हादरला होता. पहिल्या वेळी काय होणार ते माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी सगळं माहीत होतं. पुढं एक दिवस वाऱ्यामुळं उडी रद्द झाली आणि तयार होऊन बसलेली सगळी तुकडी परत फिरली. तो दिवस सगळ्यांत वाईट गेला म्हणतो.

रात्रीच्या उडीत जमीन दिसत नाही. खाली काळं, त्याहून काळं, एवढंच. किती उरलंय याचा अंदाज बांधायचाच नाही. पाय जुळवायचे आणि वाट पाहायची.

आईला त्या रात्री यातलं काही ठाऊक नव्हतं. ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावर १९८५ पासून मिराज ही लढाऊ विमानं आहेत, त्यामुळे ग्वाल्हेरची माणसं विमानाच्या आवाजाला मान वर करत नाहीत. ती मात्र आता करते. "मिराजमधून कुणी कुदत नाही, आई," असं त्यानं तिला समजावलं आहे. तिला ते पटलंही आहे. तरी मान वर जातेच.

[कॅमेरा हलतो. पडद्यामागून आवाज: "फोकस गेला होता. एकदा परत?"]

तो हसतो, चौथऱ्यावर चढतो. आईनं दोरीची ओढणी सोडून घेतलीय. तो हात छातीशी घेतो, खाली बघतो.

खुर्चीतून आजी ओरडते, "अरे, पाय जुळव!"

[उडी.]