खर्जाला भुलू नका

मंडळी, थेट विचारतो. नवा माउथपीस, म्हणजे वाद्याचं तोंडात धरून फुंकायचं टोक, हातात आला की पहिला स्वर कुठला वाजवता? बघा, हसलात! सगळ्यात खालचा. सगळी बोटं दाबायची, पोटातून हवा सोडायची आणि खोली दणाणली की म्हणायचं, 'हाच!' बास क्लॅरिनेट म्हणजे साध्या क्लॅरिनेटचं खर्जातलं मोठं भावंड, ते वाजवणाऱ्याला खर्जाचा मोह सुटत नाही, मलाही नाही. पण माउथपीसची खरी पारख होते ती शून्यातून उगवणाऱ्या बारीक स्वरावर. ती कशी करायची हे सांगायचं मी कबूल केलंय, सांगणारच आहे. आधी हे मला कुठं कळलं ते ऐका.

माझा जुना माउथपीस एबोनाइटचा. वरच्या दातांनी त्याच्या चोचीवर दोन खळगे पाडलेले, उन्हानं काळ्याचा हिरवट झालेला. (एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते ऊन खातं, म्हणून खिडकीत ठेवू नका. आणि गरम पाण्यानं धुऊ नका, कोमट बस्स.) टोकाची फट, म्हणजे माउथपीसचं टोक आणि त्यावर बांधलेली रीड (फुंकलं की थरथरणारी वेताची पातळ पट्टी) यांच्यातलं अंतर, पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. साध्या क्लॅरिनेटची ही फट एक मिलिमीटरच्या थोडी इकडेतिकडे असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवा घेतला तो सव्वादोनच्या घरातला. दुकानात दोनच स्वर वाजवले, दोन्ही खालचे. छाती भरून आली. घरी तीन दिवस खर्जच घुमवत होतो.

चौथ्या दिवशी तालीम. चायकोव्स्कीची सहावी सिंफनी, 1893 सालची. पहिल्या भागात क्लॅरिनेटची ती धून खाली उतरत उतरत विझत जाते आणि तिचे शेवटचे चार स्वर उरतात. लिहिलेत 'बसून' (bassoon) या खर्जाच्या फुंकवाद्यासाठी, खाली सहा पी. एक पी म्हणजे हळू, आणि इथं सहा! एवढ्या खाली 'बसून'ला इतकं हळू वाजवणं जड जातं, म्हणून बरेच कंडक्टर ते चार स्वर बास क्लॅरिनेटला देतात. आमच्याकडेही तेच ठरलं होतं. सगळा वाद्यवृंद श्वास रोखून बसलेला. मी फुंकलं. आधी नुसती हवेची फुसफुस. मग काहीच नाही. थोडा जोर लावला, तर स्वर एकदम धाडकन बाहेर आला, जसं अडकलेलं दार धक्का दिल्यावर उघडतं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. कंडक्टर एक शब्द बोलले नाहीत, नुसती काठी खाली ठेवली. मध्यंतरात जुना माउथपीस लावला, तीच रीड, आणि ते चार स्वर पहिल्या फटक्यात आले. कुठून सुरू झाले ते माझं मलाही कळलं नाही.

कारण साधं होतं. फट रुंद असली की रीडला टोकापर्यंत जायचं अंतर जास्त, आणि स्वर धरायला हवेचा दाबही जास्त लागतो. माझ्या रीडी तीन नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक), अरुंद फटीला जुळवलेल्या. रुंद फटीला बहुधा त्याहून मऊ रीड लागते. म्हणजे त्या माउथपीसवर मी अन्यायच केला होता, अनोळखी जोडीदार गळ्यात बांधून. तो मी परत केला तरी हे आजही टोचतं.

अॅडॉल्फ सॅक्सनं 1838 साली या वाद्याचं पेटंट घेतलं, त्यानं नळीवर केवढी मेहनत घेतली होती यावर खरं तर... बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भराभर सांगतो.

नव्या माउथपीसबरोबर तीन रीडी घ्या: नेहमीची, अर्ध्या नंबरानं मऊ आणि अर्ध्या नंबरानं कडक. मधल्या पट्टीत एक स्वर धरा. जीभ न लावता, नुसत्या श्वासानं तो सुरू करा. फुसफुस किती वेळ चालते ते ऐका. दहा वेळा करा. मग खालचा एफ धरून फक्त रजिस्टरची कळ, म्हणजे स्वर वरच्या पट्टीत उडवणारी कळ, दाबा, वर सी यायला हवा. ही नळी सप्तकावर उडी मारत नाही, बाराव्या स्वरावर मारते. माउथपीसच्या पोटातली जागा कमीजास्त झाली की ते अंतर बिघडतं, म्हणून सूर मोजणारा ट्यूनर समोर ठेवा. वरच्या पट्टीत हळू वाजवताना खालून घुरघुर येते का बघा. हे सगळं एका बैठकीत पंधरा मिनिटांच्या वर करू नका. ओठ थकले की सगळेच माउथपीस सारखे वाटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

शेवटचं. आपल्याला दातांच्या हाडातून जे ऐकू येतं ते समोरच्याला येत नाही. खोलीच्या टोकाला कुणाला तरी पाठ करून बसवा, दोन्ही माउथपीस आलटूनपालटून वाजवा, कुठला कुठला ते सांगू नका. ज्यांनी वाद्यं आणलीत त्यांनी पुढे या. आधी जुनाच माउथपीस लावा.