कळव्याची लोकल

(निवेदन)

(दृश्य : सकाळ, कळवा स्टेशन. लोकल निघते. कॅमेरा बाहेरच्या बसच्या रांगेवर.)

कळवा ते ठाणे, लोकलनं एकच स्टेशन. तरी हा माणूस चार महिने बसनं जातोय. दारात शेजारी लटकलेला प्रवासी त्यानं पडताना पाहिला, असं धरून चालू. विचारलं तर म्हणतो, "आता काही त्रास नाही." कसा असेल? लोकलच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नाही.

पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार, तपासताना पहिली फसगत इथंच होते. टाळणं जितकं चोख, तितका त्रास कमी दिसतो. म्हणून "काय होतंय?" च्या जोडीला "काय करायचं सोडलंत?" हेही विचारायचं.

प्रसंग कोणता, ते आधी पाहायचं. डीएसएम-5, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीनुसार जिवावरचा प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा हवी. स्वतःवर ओढवलेली, समोर पाहिलेली किंवा जवळच्या माणसावर कोसळलेली. मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ धरत नाहीत, कामाचाच भाग असेल तर गोष्ट वेगळी.

(दृश्य : टेबल. कागद, त्यावर अडलेलं पेन.)

ही पीसीएल-5, पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली. 20 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 80. पेन का अडलं? कोणता प्रसंग धरून लिहायचं, हे कुणी सांगितलंच नाही. मग अपघात, वडिलांचं आजारपण, कर्ज, सगळं एकाच बेरजेत जातं. शिवाय प्रश्न गेल्या महिन्याचे, आणि माणूस लिहितो अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्याचं. बायको शेजारी बसून उत्तरं सुचवत असेल, तर तिला जरा बाहेर बसवा.

बेरीज साधारण 31 ते 33 किंवा पुढे गेली, तर सविस्तर मुलाखत. निदान नुसत्या बेरजेवर होत नाही. नकोशा आठवणी, भयस्वप्नं यांतलं किमान एक लक्षण, टाळण्याचं एक, विचार-भावना बदलल्याची दोन, दचकणं, चिडचिड, झोपमोड यांतली दोन. हे महिन्याहून जास्त टिकलेलं आणि फार त्रास देणारं किंवा कामात, घरात आडवं येणारं हवं.

डोक्याला मार लागला होता का? दारू वाढली का? चिडचिड, झोपमोड तिथंही असते. धडधडीसाठी ईसीजी काढावाच. पण तो नॉर्मल आला की "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवतात, तिथं महिने वाया जातात. जीव द्यावासा वाटतो का, हे एकट्यात, सरळ शब्दांत विचारायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.

(दृश्य : मुलाखतीची खोली.)

"लोकलनं शेवटचं कधी गेलात?"

तो पाकिटातून पास काढतो. मुदत संपून तीन महिने झालेत.