नारिंगी दिव्याचं अर्धं मिनिट

[स्विचच्या पोर्टचं जवळून दृश्य, कोपऱ्यात घड्याळ]

नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे संगणकांना केबलनं एकमेकांशी जोडणाऱ्या डब्यात, केबल खोचली. टक्‌ आवाज झाला. दिवा मात्र नारिंगीच.

[निवेदन थांबतं; घड्याळ चालू]

तीस सेकंदांनी हिरवा. पहिली १५ ऐकण्यात गेली: पलीकडे आणखी कुणी स्विच आहे का? स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी निरोप धाडतात, त्याला बीपीडीयू म्हणतात. पुढची १५, कोण कुठल्या पोर्टमागे आहे ते टिपून घेण्यात. तोवर आपला एकही फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, पुढे जात नाही.

एवढा संशय कशाला, ते आता दिसेल. ही सावधगिरी बाळगणारी यंत्रणा म्हणजे स्पॅनिंग ट्री. लॅबमध्ये आम्ही ती मुद्दाम बंद केली आणि एकाच केबलची दोन्ही टोकं याच स्विचमध्ये खोचली.

[सगळे दिवे एकदम लुकलुकतात]

आयपी पॅकेटमधला एक आकडा प्रत्येक राउटरवर एकाने घटतो, शून्य झाला की पॅकेट संपलं. इथरनेटच्या, म्हणजे या केबलच्या जाळ्यातल्या, फ्रेमला अशी सोय नाही. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा फ्रेम, शिरला की तो फिरतच राहतो, वर प्रत्येक पोर्टातून त्याची नक्कल बाहेर. ही केबल उपटेपर्यंत.

१९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन यांनी यावर उपाय काढला. जादा वाटा झोपवून ठेवायच्या, कुठल्याही दोन टोकांत एकच वाट जागी. म्हणजे जाळ्याचं झाड. शोधनिबंधाच्या सारांशाच्या जागी त्यांनी चक्क कविता दिली!

पण टेबलावरच्या साध्या संगणकानं अर्धं मिनिट का ताटकळायचं? नेटवर्ककडे आयपी पत्ता मागून मागून तो दमतो आणि स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक लावून घेतो. मग तक्रार, 'नेट नाही.' स्पॅनिंग ट्रीच्या नव्या रॅपिड आवृत्तीतही पोर्ट संगणकाचा आहे असं सांगितलं नाही, तर हीच गत.

[पडद्यावर आज्ञा टाइप होते]

'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट.' म्हणजे या पोर्टवर अर्धं मिनिट थांबू नकोस. खाली इशारा उमटतो: या पोर्टला एकच यंत्र जोडा. बहुतेक जण इथेच एंटर मारून उठतात. आम्ही उठू देत नाही. पुढची ओळ, 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल.' पहिली ओळ लिहिणाऱ्यानं ही लिहिलीच पाहिजे.

[टेबलाखाली लोंबणारी केबल]

कारण हे टोक. झाडू मारताना पायात येतं, आणि कुणीतरी भल्या मनानं ते भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटात खोचून ठेवतं. दुसरं टोक शेजारच्या सॉकेटात आधीच आहे.

[दिवा नारिंगी]

स्विचचाच निरोप दुसऱ्या दारानं परत आला, गार्डनं पोर्ट बंद पाडला. या नारिंगीला घड्याळ लावून उपयोग नाही.

२००२ साली बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या घोळातच कोलमडलं आणि कारभार काही दिवस कागदावर आला. त्याची दृश्यं आमच्याकडे नाहीत.

[केबल काढली जाते, संगणक जोडला जातो]

पोर्ट आधी बंद, मग पुन्हा चालू: शटडाउन. नो शटडाउन.

[दिवा लगेच हिरवा]