पाहुणा कामगार ते पत्त्याची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार-भरतीचा करार केला. येणाऱ्याला नाव पडलं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. दोन वर्षं राबायचं आणि परत जायचं, असा हिशेब. पण कामात तरबेज झालेली माणसं दर दोन वर्षांनी बदलणं कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ही मुदत काढून टाकली. १९७३ मध्ये भरतीच थांबली. एकदा गेलो की पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर अनेकांनी उलट बायकामुलांनाच बोलावून घेतलं. पाहुण्याला भाषा कशाला शिकवायची, म्हणून सरकारने ती शिकवलीच नव्हती!

त्याची भरपाई करणारा देशव्यापी अभ्यासवर्ग सुरू व्हायला २००५ उजाडलं. सर्वसाधारण वर्ग ७०० तासिकांचा, एक तासिका ४५ मिनिटांची. ६०० भाषेच्या, उरलेल्या १०० कायदा, इतिहास आणि समाजजीवनाच्या. त्या शंभरांवरची परीक्षा ३३ प्रश्नांची असते. १५ बरोबर आले की वर्ग पार. नागरिकत्वासाठी मात्र १७ लागतात. प्रश्न आधीच जाहीर असल्याने पाठ करून सुटता येतं. भाषेच्या परीक्षेत ती सोय नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. हा वर्ग युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या बी-१ पातळीपर्यंत नेतो. तेवढ्यावर बाजारहाट निभावतो, पण परिचारिकेला साधारणपणे त्याच्या वरची पायरी, बी-२ लागते.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, म्हणून हे आपल्याही कामाचं. परिचारिकेची पदवी तिथे तासांनी मोजली जाते. वर्गात किती तास, कोणत्या वॉर्डात किती, हे कॉलेजने लिहून दिलं नसेल तर फाइल अडते. तिथल्या शिक्षणाशी तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि तोवर सहायकाचं काम, सहायकाचाच पगार. म्हणून तासांचा हा कागद इथून निघण्यापूर्वीच कॉलेजकडून मिळवावा. तिथून पत्रव्यवहारात महिने जातात.

पोचल्यावर पहिलं काम पत्त्याच्या नोंदीचं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. नोंद नाही तर करक्रमांक येत नाही, आणि पगारातून सर्वांत जड दराने कर कापला जाऊ शकतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणारे हा दाखला द्यायला टाळाटाळ करतात. म्हणून खोली बघतानाच विचारा, नोंदणीसाठी सही देणार का? उत्तर गुळमुळीत आलं, तर भाडं कितीही कमी असो, पुढची खोली बघा.