कारण सांगा, वाक्य दाखवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पुस्तक-परीक्षणांचं मॉडरेशन आणि वाचकांच्या मागण्या’. मॉडरेशन म्हणजे कोणतं परीक्षण ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे ठरवणं. मागण्यांकडे येतोच, पण आधी 2013 सालचं गुडरीड्सचं प्रकरण सांगायला हवं.

त्या वर्षी ॲमेझॉननं गुडरीड्स ही वाचकांच्या परीक्षणांची वेबसाइट विकत घेतली. सप्टेंबरात जाहीर झालं की, पुस्तकाऐवजी लेखकाच्या वागण्यावर बोलणारी परीक्षणं आणि शेल्फं काढली जातील. शेल्फ म्हणजे नाव देऊन केलेली पुस्तकांची यादी, ती आपण सगळेच लावतो. काही वाचक ‘या लेखकाचं वाचणार नाही’ अशा अर्थाचीही लावत. असा नियम असावा की नसावा, यावर वाद होऊ शकतो. पण घोषणा झाली तेव्हा 21 सभासदांचा मजकूर पुसूनही झाला होता. पूर्वसूचना नाही, प्रत काढून घ्यायला सवड नाही. पुढे संस्थेनं माफी मागितली, हे तिच्या बाजूनं नोंदवतो. माझा राग त्या क्रमावर आहे. आधी पुसलं, नियम मागाहून सांगितला.

आता पहिली चाळणी बहुतेकदा यंत्राची असते. समजा, 1,00,000 परीक्षणं आली आणि त्यांतली 1,000 खरोखर बनावट किंवा शिवराळ आहेत. फिल्टर वाइटांपैकी 95 टक्के पकडतो आणि चांगल्यांपैकी फक्त 5 टक्क्यांवर चुकतो. म्हणजे 950 वाईट सापडली आणि त्यांच्यासोबत 4,950 चांगली गेली! अडवलेल्या दर सहांतली पाच निर्दोष. आणि ही पाच कोणती? दंगलीवरच्या कादंबरीतली पात्राच्या तोंडची शिवी अवतरणात दिलेलं परीक्षण त्यात हमखास असतं. फिल्टर शब्द पकडतो. तो बोलतंय कोण, हे त्याला कळेलच असं नाही. म्हणजे ज्यानं पुस्तक नीट वाचून पुरावा दिला, तोच अडकतो. ‘भिकार पुस्तक’ एवढंच लिहिणारा सहीसलामत सुटतो. याचा मला फार त्रास होतो.

मॉडरेशन नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. 2023 मध्ये एका अमेरिकन लेखिकेनं रशियात घडणारी आपली कादंबरी प्रकाशनाआधीच मागे घेतली. पुस्तक बाजारात यायचं होतं, तरी एक-तारा शेऱ्यांचा ढीग पडला होता. चाळणी लागायला हवी होती ती तिथे.

वेळ संपल्याची खूण झाली आहे, तेव्हा मागण्या भरभर सांगतो. परीक्षण काढलं तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या वाक्यासाठी, ते लेखी कळवा. मजकूर काढताना वेबसाइटांनी काय पाळावं, हे सांगणाऱ्या 2018 च्या सँटा क्लारा तत्त्वांत हे आहे, आणि युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या 17 व्या कलमानं कारण देणं बंधनकारक केलंय. अपील वाचायला माणूस हवा, आणि तो पहिला निर्णय घेणारा नको. काढलेला मजकूर लिहिणाऱ्याला परत मिळावा.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. परीक्षण आधी आपल्या फाइलमध्ये लिहा. गुडरीड्सवर ‘एक्सपोर्ट’ची, म्हणजे आपल्या नोंदींची प्रत उतरवून घ्यायची सोय आहे, ती अधूनमधून वापरा. अवतरणाला पृष्ठक्रमांक द्या, शेवट फोडणारा भाग स्पॉइलरखाली झाका, पार्सल फाटकं आलं ही तक्रार परीक्षणात घालू नका. काढलेलं परीक्षण जसंच्या तसं पुन्हा चढवू नका, कारण मग तो दुसरा भंग धरला जाऊन अकाउंटवर गदा येऊ शकते. अपिलात वादग्रस्त वाक्य उतरवा आणि ते पात्राचं की तुमचं, एवढंच दोन ओळींत सांगा.